भरलेली बाटली

"माझ्या बायकोला त्या लोकांनी विष टोचलं," शिंपी म्हणाला. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही. तिची पाठ दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, जणू खुर्चीच उठून पळणार होती.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक दीर, एवढाच वहिनींच्या खाजगी तपासकचेरीचा पसारा. दीर म्हणजे भावजी. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ते घरात सारखे पायात पायात यायला लागले, म्हणून त्यांच्या बायकोनंच त्यांना इथं पाठवून दिलं होतं. वहिनींना त्यांचा उपयोग होता. "भावजींना जे पटतं ते आधी ऐकून घ्यायचं," त्या म्हणत, "आणि मग दुसऱ्या दिशेला शोधायचं." भावजी हे कौतुक समजून चालत.

"बायको आहे ना?" वहिनींनी विचारलं.

"आहे. हॉस्पिटलात पडून मला शिव्या देतेय."

"मग विष कच्चं होतं. बसा आणि नीट सांगा."

शिंपी बसला. बायकोच्या यकृतात गाठ होती. ती कापून काढायची तर कुठल्या शिरेला चिकटली आहे ते आधी दिसायला हवं. त्यासाठी सर्जननं डाय देऊन स्कॅन करायला सांगितला. डाय म्हणजे शिरेतून सोडायचं औषध. ते रक्तात मिसळलं की फोटोत शिरा पांढऱ्या उमटतात. बायको स्वतःच्या पायांनी मशीनच्या खोलीत गेली आणि स्ट्रेचरवर बाहेर आली. अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले, घसा बंद, ब्लडप्रेशर तळाला. शेजारच्या हॉस्पिटलात धावत नेली म्हणून वाचली.

"आता तिच्या फाइलवर लाल शाईनं लिहिलंय, हिला डाय द्यायचा नाही. चुंबकाच्या मशीनमध्ये घालता येत नाही, डोक्यात जुन्या ऑपरेशनची धातूची क्लिप आहे. सर्जन म्हणतो, शिरा दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही. फारच गळ घातली तर उघडून बघतो, पण मग पुढचं माझ्यावर नाही." शिंप्यानं मान हलवली. "मी साध्या बाहीला मापाशिवाय कात्री लावत नाही हो."

"तर तुम्हाला काय हवंय?"

"डाय खराब होता हे सिद्ध करून द्या. औषध खराब असेल तर चांगलं आणून देता येईल. तिच्या अंगालाच सोसत नसेल, तर..."

भावजींना एकदम कळलं की हा माणूस कुणाला तुरुंगात घालायला आलेला नाही. स्कॅन झाला तर बायको, नाही तर नाही, एवढा सरळ हिशेब घेऊन तो बसला होता.

"जे असेल ते सांगेन," वहिनी उठल्या. "तुम्हाला हवं ते नाही. चालेल?"

त्यानं मान डोलावली. मग आठवण झाल्यासारखा एक मोठा पिवळा लिफाफा त्यानं टेबलावर ठेवला. "हे हॉस्पिटलातले फोटो. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी काढले. पोटात फार कळा येत होत्या तिला. ज्याला त्याला दाखवतोय, कुणी धड बघत नाही."

भावजींनी फिल्म खिडकीवर धरली. बरगड्या, पाठीचा कणा, कमरेचं हाड, सगळं पांढरं. बाकी सारा काळा-करडा धूर.

"काही दिसतंय?" वहिनींनी विचारलं.

"हाडं."

"आणखी?"

"आणखी काहीच नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि फिल्म पुन्हा लिफाफ्यात गेली.

*

स्कॅन सेंटरचा मालक डॉक्टर गुळगुळीत टेबलामागे गुळगुळीत चेहऱ्यानं बसला होता. त्याच्याकडे उत्तर तयारच होतं.

"यात तपासण्यासारखं काही राहिलेलं नाही. टेक्निशियनची चूक आहे. डाय देणाऱ्या पंपाला दोन बाटल्या लागतात, एक सलाइनची, एक डायची. पेशंट पडल्यावर मी स्वतः जाऊन पाहिलं, तर डायची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. आता तुम्हीच सांगा, पेशंटला डाय गेलाय आणि बाटली भरलेली कशी?"

"तुम्ही सांगा, तुम्ही डॉक्टर."

"आदल्या दिवशीची उरलेली उघडी बाटली लावली असणार. असं करायला सक्त मनाई आहे. पेशंट पडली तशी तिनं ती लपवली आणि नवी अडकवली. मी तिला घरी बसवलंय."

"जुनी बाटली सापडली?"

"टाकून दिली असेल."

"पंप काय म्हणतो? किती गेलं ते त्यावर दिसत असेल."

"पेशंटला उचलताना ओढाताण झाली, वायर निघाली, आकडे पुसले गेले." मालकानं हात झटकले. "आमच्या बाजूनं विषय संपला."

"तुमच्या बाजूनं संपायला सुरू कुठं झालाय?" वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. "तिला बोलावून घ्या. आणि मशीनची खोली दाखवा."

टेक्निशियन आली. रडून रडून नाक लाल झालेलं, पण पाठ ताठ. काचेच्या अलीकडे बटणांची खोली, पलीकडे मशीन. तिनं सगळं जागेवर उभं राहून दाखवलं.

"इथं बटण दाबलं. पंप सुरू झाला. पेशंट खोकली, हात वर केला. मी आत पळाले, तोवर चेहरा सुजायला लागला होता."

"डाय गेला?"

"गेला ना. त्याशिवाय असं होईल का?"

"आणि बाटली?"

"बाटली नवीच होती. मी पेशंटसमोर सील फोडून लावली. नंतर तिला बोटही लावलं नाही. शपथ घेऊन सांगते."

भावजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजर टाकली. डाय गेला म्हणते, बाटली बदलली नाही म्हणते, आणि बाटली तर भरलेली. यातलं एक वाक्य खोटं असल्याशिवाय गणित सुटत नव्हतं. वहिनींनी मात्र भलतंच विचारलं.

"बटण दाबल्याबरोबर डाय जातो?"

"आधी थोडं सलाइन. शीर धरतेय का, सूज येत नाही ना, हे बघायला. मग पंप आपोआप डायकडे वळतो."

"आणि डाय गेलेला माणसाला कळतो?"

"कळतो म्हणजे काय. अंगातून गरम लाट जाते, तोंडाला लोखंडाची चव येते. काहींना वाटतं कपड्यातच लघवी झाली. मी सगळ्यांना आधी सांगून ठेवते, नाहीतर टेबलावरून उठून पळतात."

"मग तो डाय जातो कुठं?"

"मूत्रपिंडातून बाहेर. म्हणून तर आधी रक्त तपासून मूत्रपिंडं धड आहेत का बघतो. स्कॅन झाल्यावर तास-दोन तासांनी साधा एक्स-रे काढला ना, तर मूत्राशय बल्ब लावल्यासारखं पांढरं दिसतं."

"चांगलं शिकवतेस," वहिनी म्हणाल्या. "आता सुई कुठं लावतात ते दाखव."

सुई बाहेरच्या छोट्या खोलीत लागे. तिथली सिस्टर हात चालवत, पाय चालवत आणि तोंडही चालवत काम करत होती. एका पेशंटची बाही वर, दुसऱ्याची खाली, तिसऱ्याला हाक. ट्रेमध्ये कापसाचे बोळे आणि गुलाबी औषधाची बाटली. भिंतीवर छापील पाटी: पुसलेली जागा पूर्ण वाळू द्यावी. पाटीवर तिचा कोट टांगलेला, त्यामुळे अर्धीच वाचता येत होती.

"त्या बाईंची शीर सापडेना," सिस्टर म्हणाली. "आधी मनगट, मग कोपर, मग पुन्हा मनगट. दर वेळी पुसायचं, टोचायचं. बाहेर रांग बघितलीत? मला काय हात आहेत का आठ?"

"त्या काही बोलल्या?"

"हात खाजतोय म्हणाल्या. चिकटपट्टीनं खाजतं काही जणांना. मी पट्टी सैल केली आणि आत पाठवलं. माझ्याकडून चालत गेल्या, हसत गेल्या."

"हे गुलाबी औषध नेहमीचंच?"

"नाही, आधी स्पिरिट होतं. नवा नियम आला, तेव्हापासून हे. सगळीकडे हेच वापरतात आता. जंतू जास्त मरतात."

जिना उतरताना भावजींना राहवेना. "वहिनी, टेक्निशियनच. दोन वाक्यांत एक खोटं बोलली."

"खोटं आणि चुकीचं यांत फरक असतो, भावजी. तुम्ही लग्नात बायकोला काय काय सांगितलंत, ते सगळं खोटं होतं की चुकीचं?"

भावजी उरलेला जिना पायऱ्या मोजत उतरले.

*

शिंप्याची बायको उशीला टेकून बसली होती. शेजारच्या स्टुलावर तिची नणंद मोसंबं सोलत होती आणि सोललेल्या फोडी स्वतःच खात होती.

"तुम्ही पोलीस?" बायकोनं विचारलं.

"नाही. पोलिसांपेक्षा जास्त चौकशा करते. त्या दिवशी आत टेबलावर झोपलात, मग काय वाटलं?"

"हात खाजत होता. बाहेरूनच खाजत आला होता. मग हातात गार काहीतरी शिरलं. मग घसा आवळला."

"गरम लाट? तोंडाला लोखंडाची चव?"

"ती पोरगी म्हणाली होती तसं होईल. मी वाटच बघत होते. कसली लाट आणि कसली चव, गारठले नुसती."

"याआधी असं कधी?"

"कधीच नाही."

"दात विसरली," नणंद फोड तोंडात टाकत म्हणाली. "गेल्या साली दाताच्या डॉक्टरकडे नेली होती मी. त्यानं आधी औषधाच्या गुळण्या करायला लावल्या, मग सुई नुसती दाखवली. सुई टोचायच्या आधीच बाईसाहेबांचे ओठ वडे तळावेत तसे फुगले. दात तसाच घेऊन घरी. मी म्हटलं, भीतीनं ओठ सुजणारी पहिलीच बाई बघितली."

"तुमच्या भावाशी लग्न केलं मी. मला कशाची भीती?"

"झालं," नणंद म्हणाली. "तब्येत सुधारली हिची."

वहिनी हसल्या. "इथं आल्यावर पुन्हा काही?"

"परवा गळ्याखाली सुई लावायची म्हणून पुसलं आणि तिथं चट्टा आला," नणंदेनं भावजयीच्या गाऊनची कड बाजूला केली. डाग फिका झाला होता, पण आकार दिसत होता. "बघा, फुटपट्टी लावून आखल्यासारखा चौकोन. इथले डॉक्टर म्हणाले, डाय उशिरानंही अंगावर उमटतो."

"उमटतो, तेही खरं आहे," वहिनी म्हणाल्या. त्या चौकोनाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. निघताना त्या वॉर्डातल्या सिस्टरच्या कानाला लागल्या. सिस्टरनं आधी भुवया उंचावल्या, मग पलंगाजवळचा ट्रे उचलून आत नेला. काय बोलणं झालं ते भावजींना ऐकू आलं नाही, आणि विचारलं असतं तर पुन्हा त्यांच्या लग्नाचा विषय निघाला असता.

*

सेंटरला सुट्टी होती त्या दुपारी वहिनींनी सगळ्यांना तिथल्या सुईच्या खोलीत जमवलं. मालक डॉक्टर, टेक्निशियन, सिस्टर, शिंपी, आणि घड्याळाकडे बघत आलेला सर्जन.

"मी डॉक्टर नाही," वहिनींनी सुरुवात केली. "बघितलं आणि ऐकलं तेवढंच सांगते. चूक असेल तर तिथंच अडवा. डॉक्टर, बाटली भरलेली बघून तुम्ही काय ठरवलंत?"

"बदलली," मालक म्हणाला.

"भरलेली बाटली बघून ती रिकामी झालीच नाही, हे सुचायला काय हरकत होती?"

मालकानं टेक्निशियनकडे पाहिलं.

"ही मुलगी म्हणते बाटली नवी होती, बदलली नाही. खरं आहे. ती म्हणते डाय गेला. ते तिनं पाहिलं नाही, धरून चालली. बटण दाबलं की आधी सलाइन जातं. सलाइन जात असतानाच बाई खोकल्या, ही आत पळाली, उचलाउचलीत वायर निघाली, पंप बंद पडला. बाटलीतला डाय बाटलीतच राहिला. बाई म्हणतात गरम लाट आली नाही, चव आली नाही, हातात गार काहीतरी शिरलं. गार होतं ते सलाइन."

"पेशंटच्या आठवणीवर विसंबता?" सर्जन म्हणाला. "घाबरलेल्या माणसाला काहीही वाटतं."

"म्हणून हे आणलंय." वहिनींनी पिवळा लिफाफा पुढे केला. "भावजी, तुम्ही यात काय बघितलंत?"

"हाडं," भावजी म्हणाले. "आणखी काहीच नाही."

"आमच्या भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा केस सोडवली, त्यांनाच माहीत नाही. हा त्याच दिवशीचा, तिसऱ्या प्रहराचा पोटाचा फोटो आहे. स्कॅन त्याआधी दोनच तासांचा. डाय गेला असता तर इथं काय दिसलं असतं गं?"

टेक्निशियननं फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि तिचा हात तिथंच थबकला. "मूत्राशय पांढरं," ती हळू म्हणाली. "मूत्रपिंडंही. इथं काहीच नाही. बाईंच्या अंगात डाय गेलाच नाही."

सर्जन घड्याळ विसरून पेटीजवळ गेला. त्यानं फिल्म जवळून पाहिली, लांबून पाहिली. "हा फोटो आमच्याच हॉस्पिटलातला. सगळ्यांनी आतडी बघितली." मग वळून म्हणाला, "मग झटका कशाचा?"

"झटका कधी सुरू झाला ते बघा. तुम्ही सगळे टेबलापासून मोजताय, तो सुरू झाला बाहेरच्या खोलीत, हात खाजला तेव्हा. तोवर बाईंच्या अंगाला फक्त दोन गोष्टी लागल्या होत्या. सुई, आणि सुईच्या आधी पुसायचं गुलाबी औषध. आमच्या सिस्टरना आठ हात नाहीत, त्यामुळे ते वाळायची वाट बघायला कुणी नव्हतं. तीनदा ओलं पुसलं, ओल्यातूनच सुई आत गेली. कातडीवरचं औषध थेट रक्तात."

सिस्टरनं पाटीवरचा कोट काढून हातात घेतला.

"चिकटपट्टी असेल," ती पुटपुटली, पण तिचाच विश्वास नव्हता.

"चिकटपट्टी दाताच्या डॉक्टरनं तोंडात लावली नव्हती. त्यानं गुळण्या करायला दिल्या. सुई लागायच्या आधी ओठ सुजले. मी त्याला विचारून घेतलं. गुळणीच्या औषधात जे असतं तेच या गुलाबी बाटलीत असतं, फक्त इथं ते दाट. तिसरा पुरावा हॉस्पिटलच्या वॉर्डातला. गळ्याखाली याच औषधानं पुसलं आणि तिथंच, तेवढ्याच जागेत, चट्टा. रक्तातून आलेलं पुरळ वाटेल तसं पसरतं, ते पट्टी घेऊन चौकोन आखत नाही. मी सांगून आले त्या दिवसापासून वॉर्डात त्यांना स्पिरिटनं पुसतात. नवा चट्टा नाही."

भावजींना तो ट्रे आठवला.

"तर्क चोख आहे," सर्जन म्हणाला. "पण तर्कावर मी कुणाला डाय देत नाही. कातडीवर थेंब लावून दोन्हींची चाचणी करावी लागेल, तीही अंग निवल्यावर, काही आठवड्यांनी. गाठ हळू वाढणारी आहे, तेवढं थांबता येईल."

"थांबा. द्यायला मी सांगतच नाही, तपासायला सांगते. पण चाचणी होईपर्यंत फाइलवरची लाल शाई अपुरी आहे. एक विचारू? बाईंचे यजमान गळ घालत होते, स्कॅनशिवायच उघडा म्हणून. उघडला असतात तर आधी पोट कशानं पुसलं असतं?"

सर्जनची नजर ट्रेमधल्या बाटलीवर गेली.

"छातीपासून मांडीपर्यंत," तो म्हणाला. "त्याच गुलाबी औषधानं. आणि नंतर जे झालं असतं, ते आम्ही भुलीच्या औषधावर ढकललं असतं."

शिंपी उठला आणि पाण्याचा ग्लास शोधू लागला. टेक्निशियननं त्याला आणून दिला.

"डाय खराब नव्हता," वहिनी त्याला म्हणाल्या. "तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं नाही."

"याहून बरं मिळालं," तो म्हणाला.

मालक डॉक्टरनं घसा साफ केला. "टेक्निशियन उद्यापासून कामावर येऊ शकते."

"तिला विचारून ठरवा," वहिनी म्हणाल्या. "आणि विचारताना उभे राहा."

मालक उभा राहिला. टेक्निशियननं त्याला थोडा वेळ तसाच ठेवला, मग हो म्हणाली.

*

चाचणीत डायच्या थेंबाला कातडीनं दाद दिली नाही. दुसऱ्या थेंबाखाली मात्र रुपयाएवढी गांध उठली. फाइलवरची जुनी ओळ खोडून तिथं गुलाबी औषधाचं नाव चढलं, आणि बाईंच्या मनगटावर त्याच नावाचा लाल पट्टा आला.

स्कॅनच्या दिवशी सर्जन स्वतः काचेमागे येऊन बसला. झटक्यावरच्या औषधांची ट्रॉली दाराशी तयार होती. ती तिथंच उभी राहिली, कुणाला लागली नाही. पडद्यावर यकृत उमटलं आणि त्यातून पांढऱ्या शिरांची फांदी फुटत गेली. सर्जन पुढे झुकला, एका जागी बोट ठेवलं, मागं-पुढं करून पुन्हा तिथंच ठेवलं.

"मोठी शीर मोकळी आहे," तो म्हणाला. "गाठ कडेला आहे. निघेल."

शिंपी बाहेरच्या बाकावर होता. बायको चालत आली आणि त्याच्याशेजारी बसली. सर्जननं सांगितलेलं तिनं त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं एकदा ऐकलं, मग म्हणाला, "पुन्हा सांग."

"काय पुन्हा? कान नाहीत का तुम्हाला?" ती म्हणाली, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगू लागली.